बाहुल्या जशा होत्या तशा

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोहोचले. दोन बॅगा आणि शिवणाची पेटी घेऊन एकटी आले, वाटेत हरवले नाही, हे चिरंजिवांना कळवलं आहे. या वयात कसली नोकरी, असं ते आठवडाभर घोकत होते. सूनबाई मात्र माझी बॅग स्वतः खाली घेऊन आल्या. माझ्या कुठल्याही कामात त्यांनी इतका उत्साह आजवर दाखवला नव्हता.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि मग तिथेच छत्तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं. आमच्या सिस्टर भरतकाम हातात घेतलं की आधी उलटी बाजू बघायच्या. मला ती सवय लागली ती कायमची, माणसांच्या बाबतीतसुद्धा. निवृत्तीनंतर सहा वर्षं मुलाच्या घरी मटार सोलले. हे दोन हात चालताहेत तोवर कुणाच्या घरात अडगळ होऊन बसायचं नाही, एवढं ठरवून आले आहे. हात गेले की कोपऱ्यातली खुर्ची आहेच.

खोली वरच्या मजल्यावर आहे. उत्तरेची मोठी खिडकी, रुंद टेबल, मान वळणारा दिवा. मालकीणबाई माझ्याच वयाच्या, बारीक, गोड बोलणाऱ्या. त्यांचे हात थरथरतात, म्हणून बाहुल्या दुरुस्त करायला त्यांना माणूस हवं होतं; ती जाहिरात वाचूनच मी आले. स्वयंपाकीण तरुण आणि बडबडी. आल्या आल्या मला आजी म्हणाली. मला एक नातू आहे आणि तेवढा पुरे आहे, असं तिला सांगितलं, तर पोट धरून हसली. आता बाई म्हणते. माळीबुवांनी दोन्ही बॅगा एका खेपेत वर आणल्या. एकंदरीत मजेत आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाहुल्या बघितल्या. काचेचं कपाट भरून तीसेक तरी असतील, पण मालकीणबाईंच्या मते त्या सगळ्या चुकून आलेल्या. त्या दहा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांच्या तीन बाहुल्या कुणाला तरी देऊन टाकल्या. त्याच तीन त्या चाळीस वर्षं शोधताहेत. जुन्या बाजारातून आणतात, डोकं हुंगतात आणि नव्हे म्हणून कपाटात ठेवतात. दोन सापडल्या आहेत, एक अ‍ॅप्रनवाली आणि एक गवती टोपीवाला बुवा. तिसरी कुठेतरी दिसल्याची बातमी आहे. डोकं हुंगून बाहुली ओळखायची! चालायचंच. पगार त्या देणार आहेत.

बाहुल्या मात्र उत्तम बनावटीच्या आहेत. भुसा आणि सरसाचा लगदा साच्यात घालून केलेल्या, वरून रंग आणि रोगण. अंग पोकळ. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत छातीतून एकच इलॅस्टिक जातं आणि त्याच्या दोन टोकांना दोन हात तारेच्या आकड्यांनी अडकवलेले असतात. पायांचंही तसंच.

सापडलेल्या दोन्ही बाहुल्यांमध्ये मला काहीच बिघाड दिसेना. कुणीतरी आधीच झकास दुरुस्त केल्या होत्या. तसं म्हटलं, तर मालकीणबाईंनी लहानपणची चौकटीची वही आणून पुढ्यात ठेवली. बाळबोध अक्षरात प्रत्येक बाहुलीचं चित्र आणि खाली टीप. अ‍ॅप्रनवालीच्या चित्राखाली लिहिलं होतं, डावा तळहात भाजला. बाहुल्या त्यांना जशा होत्या तशाच हव्या आहेत. म्हणजे भाजलेल्या.

मी स्पष्ट सांगितलं की मी जन्मभर फाटलेलं जोडायला शिकवलं, धड असलेलं फाडायला नाही. त्या मुळीच रागावल्या नाहीत. त्यांचंच बालपण आहे आणि त्यांना ते पुसलेलं नको आहे, इतकंच म्हणाल्या. शेवटी सुई तापवून तळहातावर टेकवली. मी टेकवत होते तोवर त्या बाहुलीचा दुसरा हात धरून बसल्या होत्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वयंपाकिणीने डावा तळहात भाजून घेतला. कानाला फोन लावून स्वयंपाक केला की दुसरं काय होणार! मलम मीच लावलं आणि चार शब्दही ऐकवले. गॅस पेटवलाच नव्हता, असं रडत म्हणाली. या मुलींना खोटंसुद्धा नीट बोलता येत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गवती टोपीवाल्याची टीप अशी, उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. बारीक करवतीने खाच पाडून अंगठ्याने दाबला. कट्कन आवाज आला. काम सफाईचं झालं, हे लिहिताना मलाच लाज वाटते.

सकाळी अकरा वाजता पाय मोडला. सव्वाअकराला माळीबुवा शिडीवरून पडले.

त्यांना गाडीत घालताना मी जवळ जाऊन वास घेतला. आमच्या शाळेचा शिपाईही असाच दर महिन्याला शिडीवरून पडायचा. माळीबुवा थेंबालाही शिवत नाहीत, असं स्वयंपाकीण माझ्यावर खेकसली. आणि ते वर चढलेच नव्हते म्हणे, पहिल्या पायरीवर उभे होते.

पहिल्या पायरीवरून पडून नडगी मोडत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाहुल्यांवरून असं काही मनात येणं म्हणजे म्हातारपणाची भ्रमिष्टगिरी, सूनबाईंना चघळायला आयता विषय. तरीही काल दुपारी माळीबुवांना न्यायला गाडी आली तेव्हा मालकीणबाई व्हरांड्यात बसून वहीचं पान उलटत होत्या, हे मी पाहिलं आहे. वर मानसुद्धा केली नाही.

माझ्या आधी हे काम कोण करत होतं, असं स्वयंपाकिणीला विचारलं. तिला ठाऊक नाही. ती आणि माळीबुवा माझ्या आधी आठवडाभरच आले होते. तीही जाहिरात वाचूनच आली. जाहिरातीत उंची आणि चेहऱ्याची ठेवणसुद्धा दिली होती. स्वयंपाकाला चेहरा कशाला लागतो?

मी कपाटाजवळ जाऊन अ‍ॅप्रनवालीचं तोंड नीट बघितलं. मग खाली जाऊन स्वयंपाकिणीचं.

आता परीक्षाच घेते. अ‍ॅप्रनवालीच्या तळहातावर लुकण भरलं, पॉलिशपेपरने घासलं, वर कातडीच्या रंगाचे दोन थर दिले. खरोखरच दुरुस्त केला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी स्वयंपाकिणीने पट्टी सोडली. तळहात बरा झाला होता.

गुळगुळीत. एकही रेघ नाही. आयुष्यरेषा नाही, बोटांच्या पेरांवर घड्या नाहीत. मी काढल्याच नव्हत्या. मला वाटलं होतं, एवढं बारीक कोण बघतंय.

हाताला रोगणाचा वास येत होता. ती आनंदाने नाचत होती. मला गंमत दाखवायची म्हणून तापलेल्या तव्यावर हात ठेवला आणि हसत राहिली. कळतच नाही हो बाई, म्हणाली. मी ओढून हात काढला. गार होता.

माळीबुवांच्या पायाला मी हात लावणार नाही. जोडला तर काय होईल कुणास ठाऊक.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकीणबाईंना तोंडावर विचारलं. नाकारलं नाही, कबूलही केलं नाही. माझं काम फार सुबक आहे, एवढंच म्हणाल्या. जाते म्हटलं, तर जरूर जा म्हणाल्या, दार उघडंच आहे. फक्त आजचं टपाल येऊ द्या.

टपाल आलं. खोका उघडला. त्यांनी डोकं हुंगलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पांढरा अंबाडा. गोल चष्मा. करडा स्वेटर, वर बटण लावलेली कॉलर. ओठ मिटून एका बाजूला ओढलेले, जसे माझे फोटोत येतात.

वहीतली टीप: ही शिवणाची बाई आहे. ही सारखी उलट बोलते. हिचे हात आपोआप गळाले. मी काही केलं नाही.

मी काही केलं नाही! छत्तीस वर्षं हे वाक्य मी रोज ऐकलं आहे. ज्या मुलीने केलेलं असतं तीच हे म्हणते.

त्या रुमाल आणायला वळल्या तेवढ्यात मी बाहुली उचलली आणि बॅगेत घातली. चोरी आहे. असो.

त्याच दिवशी, दुपारी अडीच

फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

प्रत्येक पावलागणिक उजव्या खांद्यात काहीतरी सैल होत होतं. दुखत नव्हतं. नुसतं सैल. फाटकाशी बॅग उघडली. बाहुलीचा उजवा हात खांद्यापासून बोटभर लोंबत होता. आत इलॅस्टिक साठ वर्षांचं. पिवळं, चिकट, जागोजागी तुटलेलं. धक्का लागला की एकेक दोरा जातो.

बसमध्ये तासभर हादरे बसले असते. मागून धावत आलेल्या स्वयंपाकिणीने बॅग धरून मला वर आणलं. दोन्ही हातांनी. एक ऊबदार, एक गार.

दाराला आतून कडी घातली आहे. बाहुली टेबलावर, पाठीवर. तिला हलवायचं नाही; या लाकडी जमिनीवर दार आपटलं तरी टेबल हलतं.

पावणेतीन

नवं इलॅस्टिक माझ्या पेटीत आहे. घालायला दहा मिनिटं पुरतात. डोळे मिटून जमेल.

पण ते घालायचं तर आधी दोन्ही हात काढावे लागतात.

काढले नाहीत तर आपोआप गळतील.

तीन

मालकीणबाईंनी दार वाजवलं. जोरात नाही. चहा ठेवलाय म्हणाल्या. घाई करू नका, त्या काहीच करणार नाहीत, म्हणाल्या. नुसत्या बाहेर बसणार आहेत.

खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

मी इथूनच त्यांना काय वाटेल ते बोलले. शाळेत कधी तोंडातून काढले नव्हते ते शब्दसुद्धा. पलीकडून वहीचं पान उलटलं.

सव्वातीन

उपाय सापडला. जुनं तुटण्याआधी त्याच्याच आकड्यांना नवं बांधायचं. हात न काढता. फटीतून चिमटा घालून. सिस्टरांनी असलं काम करताना श्वास रोखायला शिकवलं होतं.

उजव्या आकड्याला गाठ बसत नाही. माझीच बोटं मला —

तीन वीस

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा मांडीवर पडला आहे. बघते आहे त्याच्याकडे. बोटं माझी, अंगठ्यावरचा सुईचा वणही माझा. उचलायला सांगितलं तर ऐकत नाही

छातीतून आरपार काहीतरी ताणल्यासारखं. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. एकच

तीन दोरे होते. दोन

डाव्या हातात एकतर पेन राहील नाहीतर चिमटा. पेन दातांत धरून लिहिते. चिमटा. आकडा दिसतो आहे, जरा पुढे — श्वास रोखून — बाहेर त्या उठल्या, खुर्ची — नको, आत्ता दाराला धक्का नको, टेबल हल