धूम्रकाला अकरा मार्क

देवळी,
दि. २२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. जयास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीकच असाल, कारण दुसऱ्याची झोप उडवणाऱ्या माणसाले स्वतःले झोप छान लागते. तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाई. आपल्या अण्णाजींचा नियम तुले आठवत असेल. बहीणभावाचं भांडण कागदावर करायचं, म्हणजे शेजाऱ्यायले ऐकू जात नाई. वडील गेले, पण नियम मी मोडला नाई.

तर मुद्द्याचं. पुलगावच्या एकांकिका स्पर्धेत सख्खी बहीण परीक्षक, आणि सख्ख्या भावाले अभिनयाचे वीसपैकी अकरा मार्क! दुसऱ्या एका नाटकात झाड झालेल्या माणसाले बारा. काऊन? तो हलला नाई म्हणून?

आपल्या मयुरीनं एवढं विज्ञानाचं नाटक लिहिलं. परग्रहावरचा राजा धूम्रक पृथ्वीवर येते आणि यंत्र लावून प्रत्येकानं काय खायचं, कुठं राहायचं, काय काम करायचं, सारं ठरवून टाकते. लेकीनंच लिहिलं, पृथ्वीची मुलगी तीच झाली, आणि बाप झाला धूम्रक. सारा जन्म कापडाच्या दुकानात गेला माझा, पण माझं हसणं ऐकून पहिल्या रांगेतलं लेकरू असं रडलं की त्याच्या मायनं त्याले बाहेर नेलं. हे लिहून घेतलं का तू? खलनायकाले याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं?

तुझी शोभावहिनी म्हणते की मी उगाच मनावर घेऊन राह्यलो. पण मले अकराचा अर्थ समजला पाह्यजे. नाई तर भाऊबीजेले ये, ओवाळ, जेव, मी बोलणार नाई. पुढली फेरी वर्ध्याले आहे. मंडळीले मी सांगून टाकलं की दुसरा धूम्रक पाहा. तेव्हापासून मयुरीचं तोंड उतरलं आहे.

विवेकरावांना नमस्कार. राग आहे, लोभही आहे. सध्या राग वर आहे.

तुझा,
दादा

ता. क. पुलगावले दुकानाची दुसरी शाखा काढतो आहे. गाळा पाह्यला. मयुरी सांभाळीन. तिले दिवाळीत सांगणार आहे, तोवर बोलू नको.


पुलगाव,
दि. २६ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
जयाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि झाडापाशी आल्यावर त्यांना ठसकाच लागला.

आयोजकांना मी आधीच सांगितलं होतं की धूम्रक माझा भाऊ आहे, दुसरं कोणी पाहा. ते म्हणाले की मग तर तुम्ही नक्की कडक तपासाल. आता कडक तपासलं तर तू भाऊबीजेला अबोला धरतोस.

तुझं हसणं खरोखर भयंकर होतं. चालही राजाची. पृथ्वीचा नकाशा तू दुकानाच्या गादीवर कापडाचं ठाण सोडावं तसा फर्रकन उलगडलास, तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. पण मग कैद करून आणलेल्या मुलीला तू म्हणालास की या, बसा, पंख्याखाली बसा. अंतराळयानात पंखा नव्हता, दादा. पुढे अंकुशनं नायक होऊन प्रकाशाची बंदूक झाडली, ती तुझ्या छातीला लागली, आणि मरायच्या आधी तू अंगावरचा मखमली झगा काढून त्याची नीट घडी घातलीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन मार्क कापले.

हे झालं हसण्यावारी. खरे मार्क गेले ते दुसरीकडे. धूम्रक तिला सांगतो की तुझं सगळं आयुष्य मी ठरवून टाकलंय, तू फक्त सुखानं राहा. हे तू इतक्या मायेनं म्हणालास की कोणाला त्याचा रागच आला नाही. माझ्या शेजारी बसलेले दुसरे परीक्षक, नत्थूजी, मला हळूच म्हणाले की राजा चांगला आहे, पोरगीच हट्टी दिसते. आपण वाईट आहोत हे खलनायकाला कळलं नाही तरी चालतं, पण त्याचं काम करणाऱ्याला ते कळायला हवं. तुला धूम्रक पटलेला होता!

आणि समोर बसलेली मुलगी तुझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, त्याचे मी तिला सोळा मार्क दिले. घरी आल्यावर वाटलं, तो अभिनय नव्हताच. मग तुझं पत्र आलं आणि त्यात तो गाळा. तिला विचारलंस का रे? तिच्या मनात काय आहे ते मलाही ठाऊक नाही. आत्यानं विचारलं तर ती हसून टाळेल. बापानं विचारायचं असतं.

धूम्रकाचं काम मात्र सोडू नकोस. मला वर्ध्याला येता येणार नाही, ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच आहे. वहिनींना नमस्कार, मयुरीला आशीर्वाद. मार्क कमी झाले तरी लोभ पुरता ठेवावा.

तुझी,
जया


देवळी,
दि. ३० सप्टेंबर २०२५

चि. सौ. जयास,
आशीर्वाद. (या खेपेले एकच.)

शाळेत मास्तरीण होऊन पोरायचे मार्क कापले, आता बापपणाचेही कापून राह्यली तू. धूम्रकाचं काय चुकलं, ते तरी सांग. त्यानं भांडणं बंद केली. रस्ते केले. त्याच्या राज्यात एकदाही लाइन गेली नाई. आणि त्या पोरीले त्यानं काय कमी केलं? चांगलं यान, चांगलं जेवण, बसल्या जागी सारं. मले असा धूम्रक लहानपणी भेटला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

तुझं पत्र मी शोभाले वाचायले देलं, माझी बाजू घेईन म्हणून. तिनं दोनदा वाचलं आणि भाजी निवडत बसली. वांगी निवडायची गरज नसते, जया.

काम मी करून राह्यलो, पण तुझ्या सांगण्यावरून नाई. मंडळीले दुसरा धूम्रक भेटला नाई म्हणून. विवेकरावांना सांगजो, डोळ्याले पाणी लागू देऊ नका. लोभाचं भाऊबीजेले पाहू.

दादा


देवळी,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. जयास,
दादाचे अनेक, अनेक आशीर्वाद.

वर्ध्याले आपण हरलो. काहीच भेटलं नाई. परीक्षकायनं लिहून देलं की शेवटी खलनायक विनाकारण ढिला पडते. बरोबर लिहिलं. कसा पडला, ते तुलेच सांगतो.

सुरुवात फक्कड झाली. या-बसा म्हटलं नाई. मग ते भाषण आलं. तुझं सगळं आयुष्य मी ठरवून टाकलंय, इथवर बोललो आणि मयुरीकडे पाह्यलं. तू लिहिली होती ना, तीच नजर. वाक्यं पुरवायले बसलेल्या कमलाबाईनं विंगेतून पुढलं वाक्य तीनदा सांगितलं, पहिल्या रांगेलेही पाठ झालं असेल. पण मी भलतंच बोललो. म्हटलं की पोरी, तुले काय पाह्यजे ते मी कधी विचारलंच नाई.

ती एका दमात सांगून मोकळी झाली की हैदराबादले मोबाइलवरचे खेळ बनवणारी एक कंपनी आहे, तिथं गोष्टी लिहायचं काम लागलं आहे, दिवाळीआधी कळवायचं आहे, आणि घरी सांगायची हिंमत होत नव्हती. धूम्रकाच्या यानात हैदराबादचं नाव ऐकून लोकायले काहीच वावगं वाटलं नाई. मी विचारलं की गोष्टी म्हणजे काय लिहायचं? ती म्हणाली की जास्त करून खलनायक. मी विचारलं, त्याचा पगार देतात? ती म्हणाली, बरा देतात. राहणार कुठं, तर दोघी मैत्रिणी आहेत. ज्वारीची भाकर भेटते का, तर भेटते.

एवढ्यात आपल्या वेळेवर अंकुश आला आणि त्यानं बंदूक झाडली. आम्ही बोलतच होतो. बिचाऱ्यानं पुन्हा झाडली. शेवटी मयुरीनं डोळे पुसले आणि माझ्या कानात सांगितलं की बाबा, मरा आता.

मेलो. पडदा पडला, मंडळी सामान आवरायले लागली, मी तसाच पडून राह्यलो. मले एकदम हलकं वाटून राह्यलं होतं आणि रडूही येत होतं, अशा वेळी मेलेलं बरं. ती बाजूले येऊन बसली. मी डोळे मिटूनच विचारलं, जायचं कधी?

लोभ वाढव. मी तर वाढवलाच आहे.

तुझा,
दादा