गप्प बसून घेतलेला धडा

ताई,

इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सला बसलो खरा, पण माझं इंग्रजी या परक्या देशात नळदुरुस्ती करता करता कानांनी उचललेलं, आणि वर्गात बाकी सगळे पदवीवाले. आज पहिला सराव-धडा होता. माझे उच्चार ऐकून कोर्समधून काढून टाकतील, अशी धास्ती होती.

धड्याआधी प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "शिक्षकाने कमीत कमी बोलायचं. बोलू द्यायचं ते विद्यार्थ्यांना."

मी टेबलावर एक सुटा केलेला नळ ठेवला आणि खुणेनेच म्हटलं, जोडा. मग काय! शिकायला आलेला एक स्वयंपाकी आणि एक शिवणकामवाली यांची इंग्रजीत अशी जुंपली की विचारू नकोस. स्वयंपाक्याने वॉशर न घालताच नळ आवळला, तेव्हा माझे हात नुसते शिवशिवले. पण जीभ दाताखाली धरून बसलो.

शेवटी प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "इतका शांत शिक्षक मी पाहिला नाही. तुमची कोर्समधली जागा पक्की!"

जीव भांड्यात पडला. पण "दुसऱ्याला जरा बोलू दे रे," हे तू मला लहानपणापासून सांगत आलीस. हे वाचलंस तर गल्लीभर सांगत सुटशील. म्हणून पत्र खिशातच ठेवतोय.

तुझा,
बडबड्या