एका हाताचा स्वयंपाक

तीर्थरूप आक्का,

तुला अक्षरओळख नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितोय. काल तुझा तेरावा झाला. माणसं जेवून गेली, आणि पलीकडच्या यमुनाकाकू मागे थांबून मला एक गोष्ट सांगून गेल्या. ती ऐकल्यापासून तुझ्याशी बोलल्यावाचून राहवत नाही. अक्षर डाव्या हाताचं आहे, ओळी वर चढतात. तेवढं चालवून घे.

मोहिमेवरून मी परत आलो तो दिवस आठवतो तुला? एका सरदारांच्या मुदपाकखान्यात आचारी म्हणून मी गेलो होतो. परतीच्या वाटेवर नदी उतरताना भांड्यांचा गाडा कलला. मी तो सावरायला गेलो आणि उजवा पंजा चाकाखाली सापडला. वैद्यांनी तो मनगटापासून काढला. आचाऱ्याचा उजवा हात गेला म्हणजे उरलं काय? वाटेत एकदोनदा नदीच्या पाण्याकडे मी फार वेळ बघत उभा राहिलो होतो. हे तुला कधी बोललो नाही.

नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांचं दार तू उघडलंस. फडक्यात गुंडाळलेल्या मनगटाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “पाय धुऊन घे. आमटी निवतेय.” रडली नाहीस. भावाचा हात गेला आणि हिला आमटीची काळजी, म्हणून मी मनातून चिडलो होतो.

महिनाभर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. तू भात कालवून द्यायचीस, मी डाव्या हातानं कसाबसा गिळायचो. एके दिवशी तू विळी पुढे ठेवून म्हणालीस, “बस बघू इथे. एका हातानं कसं चिरायचं ते दाखवते.”

“पाचशे पानांचा स्वयंपाक केलाय मी,” मी म्हणालो. “मला तू काय शिकवणार?”

तू विळी उचलून कोपऱ्यात ठेवलीस. पुन्हा तो विषय काढला नाहीस. केवढं लागलं असेल तुला ते बोलणं? लहानपणी आई गेल्यावर मला वरणभात करायला तूच शिकवलं होतंस.

त्यानंतर तू दुपारची घरी नसायचीस. मी विचारलं, “रोज कुठे जातेस?”

“काकूंकडे. वाती वळायला.”

“इतक्या वाती कुणाच्या देवाला लागतात?”

“पुण्यात देव काय कमी आहेत?” म्हणालीस आणि गेलीस.

एकदा तुझ्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा फोड दिसला. तवा लागला, म्हणालीस. भाकरी तर तू उजव्या हातानं टाकतेस, मग डावा कसा भाजला, असं मी विचारलं. “तव्याला उजवं-डावं कळत नाही,” एवढंच तुझं उत्तर. मीही खोदून विचारलं नाही. स्वतःच्या दुःखापुढे मला तुझा फोड तो केवढासा दिसणार?

मग एका दुपारी मला भूक लागली. तू बाहेर होतीस. स्वयंपाकघरात विळी भिंतीला टेकवून ठेवलेली, शेजारी दुधी भोपळा, तोही उभा अर्धा कापून पालथा घातलेला. मी विळीच्या पाटावर पाय ठेवून बसलो आणि भोपळ्याची सपाट बाजू तळहाताखाली धरून पात्यावर रेटली. फोड पडली. मग दुसरी. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की विळीचं पातं जागेवरच असतं, हलते ती भाजी. पायानं विळी दाबून धरली की एका हाताला भाजी तेवढी ढकलायची असते. जन्मभर विळीवर बसलो आणि हे कधी मनात आलं नव्हतं. त्या दिवशी मी अर्धा भोपळा चिरला. तू आल्यावर ऐटीत म्हणालो, “बघ, माझा मी शोधून काढलं.”

“बरं झालं,” म्हणालीस. “फोडी जरा जाड आहेत.”

पुढे एकेक सुचत गेलं. निदान मला तसं वाटलं. पाट्यावर चटणी वाटायला घेतली की एका हातानं वरवंटा तिरका पळायचा. एक दिवस पाट्याखाली ओलं गोणपाट अंथरलेलं दिसलं आणि लांब वरवंट्याच्या जागी आखूड, गोल दगड. तो मधोमध दाबून पुढेमागे न नेता गोल फिरवला, तर वाटण सुरेख उतरलं. भाकरी एका हातानं थापता यायची, पण उचलून तव्यावर टाकताना मोडायची. परातीपाशी केळीची पानं पडलेली होती. मी पानावरच भाकरी थापली, पान उचलून तव्यावर पालथं केलं आणि अलगद सोलून काढलं. ताक घुसळायच्या रवीला तर दोन हात लागतातच. पण आपल्या दोरीच्या एका टोकाला मोठा फास होता. मला वाटलं, दोरी तुटली म्हणून तू गाठ मारली असशील. त्या फासात मी उजवं कोपर घातलं, दुसरं टोक डाव्या मुठीत धरलं, आणि रवी फिरायला लागली. लोणी आलं तेव्हा मी एकटाच हसलो. फार दिवसांनी.

दोन महिन्यांनी तू मला पेठेतल्याच एका मोठ्या घरी घेऊन गेलीस. त्यांचा आचारी गावी गेला होता. घरच्या बाईंनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि विचारलं, “डाव्या हातचा स्वयंपाक आमच्या पाहुण्यांना चालेल का, आक्का?”

“पाहुणे हाताला जेवणार आहेत की आमटीला?” तू म्हणालीस. “वाढायला दुसरा माणूस ठेवा. रांधायला याला ठेवा. एक दिवस जेवून बघा, नाही आवडलं तर आम्ही आमचे घरी जातो.”

बाई हसल्या. त्या दिवशी मी वांग्याची भाजी, पडवळाची कोशिंबीर आणि आमटी केली. तू दाराशी बसून तांदूळ निवडत होतीस. जेवणं झाल्यावर बाईंनी विचारलं, “एका हातानं हे सगळं करायला शिकवलं कुणी?”

“कुणी नाही. माझा मीच शिकलो.”

तू मान वर केली नाहीस. सुपातला खडा काढून बाजूला टाकलास आणि पुढे निवडत राहिलीस. त्या घरी मला नऊ वर्षं झाली. येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारतो आणि मी प्रत्येकाला तेच सांगत आलो.

काल काकूंनी सगळं सांगितलं. तू त्यांच्याकडे वाती वळायला जात नव्हतीस. दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात दार लोटून तू आपला उजवा हात नेसूच्या आलवणाच्या पदरानं पाठीशी बांधून घ्यायचीस आणि डाव्या हातानं एकेक करून बघायचीस. भोपळा हातून निसटून न्हाणीपर्यंत घरंगळला होता म्हणे. भाकऱ्या तर इतक्या मोडल्यास, की काकूंच्या गाईला आठ दिवस वेगळा चारा घालावा लागला नाही. तव्यानं हात भाजला तोही तिथेच. एखादी युक्ती साधली की दुसऱ्या दिवशी आपल्या घरी तशी मांडामांड करून तू मुद्दाम बाहेर पडायचीस.

मी काकूंना विचारलं, “मला सांगितलं का नाही तिनं?”

“तुला सांगितलं असतं तर तू केलं असतंस?” त्या म्हणाल्या. “आक्का म्हणायची, त्याचा हात गेलाय, आता मान तरी त्याची त्याला राहू दे.”

मी चुलीपाशी जाऊन बसलो. काकू कधी उठून गेल्या ते कळलं नाही.

तुझ्यावर थोडा रागही आहे, आक्का. शेवटच्या दिवशी ताप चढला तेव्हा बाईंच्या घरी मुंजीची पंगत होती. त्याला बोलावू नका, त्याचं काम अर्धं राहील, असं तू काकूंना बजावलंस. मी आलो तेव्हा तुझा श्वास तेवढा चालू होता. मी हाक मारली, तू ओ दिली नाहीस. राहिली असती पंगत अर्धी. काय बिघडलं असतं?

आणि तू मला ते नऊ वर्षं बोलू दिलंस, हेही बरं केलं नाहीस. एकदा तरी रागावून म्हणायचं होतंस, की अरे, पुरे कर. मी ऐकलं असतं का, हे मात्र आज मलाही सांगता येत नाही.

उद्यापासून पुन्हा कामावर जातोय. सकाळी आधी बाईंपुढे उभा राहीन आणि नऊ वर्षांपूर्वी खोटं बोललो होतो म्हणून सांगेन. मग पंगतीला जो विचारील त्याला सांगेन. तुला सासरी धाकटी सून म्हणत, विधवा होऊन इकडे आल्यावर पेठेनं आक्का केलं. आईनं ठेवलेलं नाव उच्चारणारं कुणी उरलंच नाही. ते मी उच्चारीन. मला स्वयंपाक दोनदा शिकवला, एकदा दोन हातांनी आणि एकदा एका हातानं, आणि शिकवणारीचं नाव गोदावरी, असं भर पंगतीत सांगेन. हा माझा शब्द.

तुझा धाकटा,
धोंडो