मरियेच्या जागी

प्रिय,

आपलं चित्र अखेर प्रदर्शनात लागलं. क्रुसावरून उतरवलेल्या येशूला मी तुझा चेहरा दिलाय, आणि त्याला मांडीवर घेऊन मरियामातेच्या जागी मी स्वतः बसलोय. दुसऱ्याच दिवशी गॅलरीच्या दारात चित्राविरुद्ध घोषणा सुरू झाल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "उतरवायचं का, ते तुम्हीच ठरवा."

मी ठरवत होतो, तेवढ्यात तुझी आई आली. चर्चमधून थेट आली होती, हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं. ती बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली.

"हा माझा मुलगा," ती म्हणाली.

"हो, काकू."

"आणि हा तू. आम्हाला नुसते मित्र आहोत म्हणून सांगायचात."

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"लग्न झाल्यापासून तो हसायचाच थांबलाय. मला वाटायचं, सुनेशी पटत नसेल." तिने चष्मा काढून डोळे पुसले. "मरियेच्या जागी बसलायस खरा, पण ती जागा सोपी नाही रे. मांडीवर येतो तेव्हा तो आपला उरलेला नसतो."

जाताना ती तुझा नवा पत्ता देत होती. मी नको म्हणालो. हे पत्र पाठवलं आणि तुझ्या बायकोच्या हाती पडलं, तर तिने काय करावं? तिचा काय दोष?

चित्र मात्र मी उतरवलं नाही. प्रदर्शन संपेपर्यंत तरी तू माझ्याजवळ आहेस.

तुझाच,
मी