वाफ्यावरचं वजन

सोमवार
आलो एकदाचा! खोली ऐसपैस, अंथरूण मऊ, चहा गरमागरम. मालकीणबाईंच्या घराला लागून काचेची खोली आहे, तिला त्या मोठ्या थाटात काचघर म्हणतात. मी उकिरडा म्हणेन. काचांवर शेवाळ, नेच्यांच्या पानांवर कुत्र्याचे केस, कुंड्यांत मांजरांची घाण. झाडं वाचवायची आणि सगळी मांडणी नव्याने करायची, हे माझं काम. जमलं तर चार मोठी घरं मला बोलावतील.

मंगळवार
मधोमध मोठा वाफा, पण त्यात एक रोप नाही. म्हातारा कुत्रा आणि दोन बोके तिथे आळीपाळीने लोळत असतात. बाईंनी हात जोडून सांगितलं, बाकी काय हवं ते करा, त्यांची जागा मात्र मोडू नका, ती रिकामी राहता कामा नये. जनावरं लाडावलेली आणि मालकीण त्यांच्याहून! मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

गुरुवार
बाई बाहेर गेल्या, तेवढ्यात साधून घेतलं. मांजरं मातीत बसू नयेत म्हणून आम्ही गुलाबाच्या काटेरी फांद्या पसरतो, तेच केलं. वाफ्यात नेचे लावले, जनावरं हाकलून दाराला कडी घातली. कुत्रा दारावर डोकं आपटत राहिला. नाटकी मेला.
बाई परतल्या, पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. सौंदर्य कळायलाही अक्कल लागते.

शुक्रवार
नेचे उपटून पडलेत. कुणीतरी खालून ढकलल्यासारखे. माती फुगली आहे. घूस आहे का, असं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घूस नाही, ते आहे. घर बांधलं तेव्हापासून आहे. वर जिवंत अंग असलं की पडून राहतं, नाहीतर उठतं. शिकलेली बाई असं बोलते! हसू दाबताना पुरेवाट झाली.

शनिवार
धाकटा बोका झरोक्यातून आत शिरला असावा. फांद्यांत त्याचे केस आहेत, रक्त आहे. बोका नाही.
फांद्या काढल्या. कुत्र्याला ओढत आणलं, तो वाफ्याला पाय लावेना. माझ्याकडे असा बघत होता की — कुत्र्याने माझी कीव करावी?

रविवार, दुपार
वही गुडघ्यावर. मी वाफ्यावर बसलोय. बसलो की माती थांबते. उठलो की — भीती वाटतेय, खूप भीती वाटतेय.
बाईंना हाका मारल्या. आल्या, आणि दाराला बाहेरून कडी घातली. अगदी अदबीने म्हणाल्या, तुम्ही धडधाकट आहात, माझ्या मुक्या लेकरांना आता विसावा हवा. मला! त्या खुळचट बाईने मला —
काच फोडायला उठावं तर माती —

पाय रुतले. कुणीतरी घोटा चाचपतंय, सावकाश, भाजी निवडल्यासारखं —

ओरडतोय. त्या पाठ करून कुत्र्याला कुरवाळताहेत. वळून बघतही नाहीत. माझा एवढा अपमान आजवर कुणी — कंबर — बाई, अहो बा