खिडकीपाशी घेतलेला रंग

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दातांच्या लॅबमधून आलेले दात उजळायचे ट्रे काल दवाखान्यात मिळाले. डॉक्टर म्हणाले, इतके नेमके बसतात की जेल हिरड्यांवर सांडणारच नाही. हे माझ्या मावशीच्या हातचं, असं सांगताना मी उगाच कॉलर ताठ केली. पण खरं सांगू, जीव थाऱ्यावर नाही. विमानतळाच्या चौकशी खिडकीवरच्या नोकरीसाठी ११ मार्चला पुन्हा बोलावलंय. मागच्या वेळी मी अख्खी मुलाखत तोंडापुढे हात धरून दिली. शेवटी साहेबांनी दाढ दुखतेय का म्हणून विचारलं.

लहानपणी बाकावरून पडून तुटलेल्या त्या पुढच्या दाताची कॅप आता बदलायलाच हवी. डॉक्टर म्हणतात, जेलने खरे दात उजळतात, कॅप आहे तशीच राहते. म्हणून आधी दात उजळायचे, मग त्यांच्या रंगाची कॅप. म्हणजे दोन आठवडे रोज दोन तास ट्रे लावून मुकं बसायचं, आणि वर आणखी दोन आठवडे नुसतं थांबायचं! हे थांबायचं खूळ कुणाचं?

लोभ आहेच, तो असाच वाढता ठेव.
तुझी खार


दि. ९ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

खूळ दातांचंच आहे बाई. जेलमधून निघणारा प्राणवायू दातात शिरतो आणि डाग मोडतो. त्या भरात दात कोरडा पडतो, आणि कोरडा दात असतो त्याहून पांढरा दिसतो. पाणी परत मुरलं की रंग थोडा उतरतो आणि मग स्थिर होतो. तो स्थिर झाल्याशिवाय शेजारच्या दातांवरून कॅपचा रंग घेतला तर कॅप जन्मभर वेगळी दिसणार. दवाखान्यात हिरड्यांवर लेप लावून, तीव्र जेल घालून तासाभरातही दात उजळतात. पण थांबणं तिथेही सुटत नाही.

जेल एकेका दाताला थेंबभरच घाल. ठणकलं तर एक दिवस सोड, दुसऱ्या दिवशी दुप्पट घालून भरपाई करू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

इकडे लॅबच्या मालकांनी दातांचा रंग मोजायचं यंत्र आणलंय. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी केलेला प्रत्येक दात ते दोनदा निरखतात. एकतीस वर्षं मी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात रंग घेत आले, आता यंत्राशी स्पर्धा! तू ४ मार्चला रंगासाठी इकडेच ये. तुझी कॅप मीच करणार, आणि अशी करणार की मालकांना खरा दात कुठला ते ओळखता येऊ नये.

आईला नमस्कार. तुझ्यावर जीव आहे, म्हणून बोलते.
तुझी मावशी


दि. २४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

नोकरी मिळाली हे आईने फोनवर सांगितलंच असेल. मुलाखतीत मी इतकी हसले की साहेबही हसायला लागले.

पण आता एक पंचाईत झालीय. बाकीच्या दातांचा रंग जरा उतरलाय आणि कॅप एकटीच लख्ख दिसते. खिडकीपलीकडचा माणूस रस्ता विचारतो तेव्हाही नजर माझ्या दातावर. मी पुन्हा ओठ मिटून बोलायला लागलेय. डॉक्टर भडकले, त्यांनी तुझ्या मालकांना फोन केला. मी नको म्हणत होते. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं का गं? उजेड कमी असेल. तू फार मनावर घेऊ नकोस.

आहेस तशीच माझी राहा.
तुझी खार


दि. ३० मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

आभाळ स्वच्छ होतं. मला चांगलं आठवतं.

मालकांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, बाई, आता रंग यंत्रावर घेऊ, तुम्ही साचे ओता. गेले आठ दिवस मी प्लास्टर कालवतेय. दुपारी सगळे जेवायला गेले की रंगांच्या नमुन्याचे दात काढून त्यांचे रंग ओळखायचा प्रयत्न करते आणि ओळखले तरी खरं वाटत नाही. परवा तुझ्या काकांच्या शर्टाला बटण लावायला दोरा घ्यायला गेले. पांढरा कुठला, मोतिया कुठला, दुकानदाराला दोनदा विचारलं. खूप रडू आलं. ज्या डोळ्यांवर पोट भरलं, त्यांचाच भरवसा राहिला नाही.

तुझ्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी तुझं हसू बिघडवलं, याची मला लाज वाटते. येत्या सोमवारी राजीनामा देते. नवी कॅप दुसऱ्या कोणाकडून करून घे.

मावशीला मनातून काढू नकोस.
तुझी मावशी


दि. २ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोमवारच्या आत पोचावं म्हणून हे कुरियरने पाठवतेय. फोन तीनदा लावला आणि तू उचलायच्या आत ठेवला.

तुझे डोळे चुकले नाहीत. मी खोटं बोलले. ट्रे मी पाचच दिवस लावले. दात ठणकायला लागले तसे ते कपाटात टाकले. मग तारीख जवळ आली आणि माझं धाबं दणाणलं. तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी, ३ मार्चला, बाजारातल्या एका नव्या दवाखान्यात तासाभरात दात उजळून घेतले. तिथल्या बाईंनीही बजावलं होतं की दोन आठवडे कॅपचा रंग घ्यायचा नाही. तू खिडकीपाशी विचारलंस, जेल थांबवून किती दिवस झाले. दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी म्हणाले, पंधरा.

तुझ्या मालकांना वेगळं पत्र लिहिलंय, सोबत त्या दवाखान्याची तारखेची पावती जोडलीय. डॉक्टरांनाही सांगितलं. तुझं मागचं पत्र वाचून मला घास गेला नाही. आभाळाचं लिहिताना माझा हात कसा झडला नाही, कळत नाही.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागते.
तुझी खार


दि. ९ एप्रिल

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र शनिवारी मिळालं. राजीनामा पर्समध्ये होता, तो फाडला. सोमवारी मालकांनी तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि माझी खुर्ची स्वतः उचलून खिडकीपाशी ठेवली. आज चार दात केले. यंत्राने चारही बरोबर म्हटले, पण मी त्याला विचारलं नव्हतं.

तू लिहिलंस, मी दोनदा विचारलं. एकदा आम्ही सगळ्यांनाच विचारतो. दुसऱ्यांदा विचारलं, कारण तुझे दात मला खडूसारखे कोरडे दिसले होते. हे कालचं काम आहे, असं डोळे स्पष्ट सांगत होते. पण तू माझ्या बहिणीची पोर, मला फसवशील असं मनातही आलं नाही. मी डोळ्यांचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं. आणि दोन आठवडे डोळ्यांनाच बोल लावत बसले.

येत्या रविवारी सकाळी ये. लॅब बंद असते, पण किल्ली माझ्याकडे आहे. नवी कॅप मीच करीन. या वेळी तुला काही विचारणार नाही. नुसती बघेन.

लोभ आटलेला नाही, पण राग उतरायला थोडा वेळ दे.
तुझी मावशी