आवाज न करणारी बस

प्रिय आई, तुला जय भीम.

आता मी परळहून विजेवरची बस चालवते. धूर नाही, त्यामुळे माझा खोकलाही थांबलाय.

काल लालबागला एक अंध आजोबा फुटपाथवरून माझ्या बससमोर रस्त्यात उतरले. बसचा आवाजच नाही, त्यांना कळणार कसं? मी करकचून ब्रेक दाबला. गाडी हातभर अंतरावर थांबली. उतरून त्यांचा हात धरला आणि त्यांना परत फुटपाथवर नेलं.

ते म्हणाले, "पोरी, सांगून येत जा गं."

आज डेपोत साहेबांना म्हटलं, हळू चालतानाही वाजत राहील असं काहीतरी बसवा. ते म्हणाले, "बघू." मी रोज विचारणार आहे. तोवर वळणावर खिडकीतून ओरडते, "बस आली हो!" लोक हसतात. हसू देत.

बाबांचा गुडघा महाडच्या डॉक्टरांना दाखवलास का? बाबांना त्या आजोबांचं सांगू नकोस, मला परत बोलावतील.

तुझीच,
सीमा